मागच्या टायरची हवा

हनुमंतराव बिरादारांना कुणी विचारलं, "घरी कोण कोण असतं?" की ते म्हणायचे, "आम्ही दोघं." हे साफ खोटं होतं. घरी ते एकटेच होते, आणि ते शिरूर अनंतपाळच्या त्यांच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बायको अंबिकाबाई सुनेच्या बाळंतपणाला म्हणून नांदेडला मुलाकडं गेली होती. सव्वा महिन्यासाठी. निघताना तिनं लोणच्याच्या बरणीच्या तोंडाला फडक्याचा दादरा बांधला आणि बजावलं, "मी आल्याबिगर हात लावायचा न्हाई." त्याला आता साडेतीन वर्षं झाली. लोणचं कधीच संपलं, दादरा तेवढा खुंटीला होता.

आता साडेतीन वर्षांत ती आलीच नाही असं नाही. दिवाळीला यायची, चार दिवस राहायची. त्यातले दोन दिवस जळमटं काढण्यात जायचे, आणि पाचव्या दिवशी मुलगा न्यायला दारात हजर. भांडण नाही, तंटा नाही. तेच तर वाईट! भांडण असतं तर चार माणसं मधे पडली असती, कुणी हिला समजावलं असतं, कुणी त्यांना. इथं रागवायचं कुणावर? मुलगा दयानंद खताच्या कंपनीत, आज किनवट तर उद्या धर्माबाद. सून शीला एका खाजगी दवाखान्यात नर्स. नात लहान. अंबिकाबाईनं तिथंच राहायचं हे कुणी ठरवलंच नव्हतं, ते आपोआप झालं होतं. आणि आपोआप झालेल्या गोष्टीचा जाब माणसानं विचारावा कुणाला, सांगा बरं.

हनुमंतराव तिकडं राहून आले नव्हते असंही नाही. पंधरा दिवस राहिले. दोन खोल्यांचं घर, हॉलमधे अंथरूण. सकाळी पाचला उठून ते घडी घालून ठेवायचे आणि मग दिवसभर हात मांडीवर ठेवून बसायचे. तीस वर्षं लाईनमन म्हणून खांबावर चढलेला माणूस, त्याला बसायला सांगितलं की त्याच्या अंगात ताप भरतो. सोळाव्या दिवशी ते "नळाला पाणी येणार हाय" असं सांगून गावी परतले.

मग एप्रिलमधे फोनवर अंबिकाबाई म्हणाली, "सुकन्या जूनमधे शाळेत बसली की मी येते." सुकन्या म्हणजे नात. हनुमंतरावांचा जीव भांड्यात पडला. पण ती पुढं म्हणाली, "आधी मोटारसायकलचे टायर बदला. दिवाळीला तुमच्या मागं बसून नळेगावला गेले तर जीव मुठीत धरून बसले होते. मागचा पार घोटून गुळगुळीत झालाय. त्या टायरवर मी बसायची न्हाई."

बस्स. हनुमंतरावांच्या डोक्यात एवढंच बसलं, की टायर बदलले की ती बसणार. एसटीनं आणलं असतं तरी ती आली असतीच की. पण त्यांना तिला गाडीवरूनच आणायचं होतं. अकरा वर्षं ती त्यांच्या मागं बसली होती. लग्नाला, बाजाराला, निलंग्याला बहिणीकडं. ती मागं असली की गाडी जमिनीला धरून चालायची. एकटं असलं की खड्ड्यातनं मागचं चाक उडायचं, आणि प्रत्येक वेळी हनुमंतराव मागं वळून बघायचे. साडेतीन वर्षं झाली तरी बघायचे. आता हा शहाणपणा आहे का? नाही. पण बघायचे.

जूनच्या चौथ्या रविवारी सकाळी त्यांनी गाडी काढली. गाडीला वर्षभर नवाच रोग लागला होता: मागून निळसर धूर सोडायची. गावातला मिस्त्री म्हणाला, "काका, इंजिन कामाला आलं, खोलावं लागतंय." हनुमंतरावांनी त्याला झापलं खरं, पण इंजिन गेलं तर टायर काय चाटायचेत? चाकूर, अहमदपूर, लोहा करत सव्वाशे किलोमीटर त्यांनी धुराकडं आरशातून बघत काढले. नांदेडच्या लातूर फाट्यावर पोचेपर्यंत अकरा वाजले. मुलाचं घर तिथून दहा मिनिटांवर. पण आधी टायर, मग घर, असं त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. दारात गाडी उभी राहील ती नव्या टायरवर.

फाट्याजवळ एका पत्र्याच्या शेडवर पाटी होती, 'तय्यब ऑटो, टायर व ऑइल'. तय्यब पंचेचाळिशीतला माणूस, दाढी मेंदीनं लाल, हात कोपरापर्यंत काळे. गाडी आत येताना त्यानं धूर बघितला आणि तोंडातली सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात सारली.

"कुठून आलाव काका?"

"शिरूर अनंतपाळ."

"या टायरवर?" तय्यब मागच्या चाकाशी उकिडवा बसला. "मेहरबानी हाय वरवाल्याची." त्यानं टायरवरून अंगठा फिरवला, आधी मधे, मग कडेला. मग मान वर करून विचारलं, "मागं कुणी बसत न्हाई ना तुमच्या?"

हनुमंतरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बसतं की! का बसत न्हाई? बायको बसती."

"नाराज होऊ नका. टायर सांगायलाय." तय्यबनं टायरची कड दाखवली. तिथली नक्षी अजून खडबडीत होती. मधला पट्टा मात्र हाताच्या तळव्यासारखा सपाट. "कडा बघा, जशाच्या तशा. हा फक्त मधून झिजलाय. म्हणजे हवा दोघांची भरता, आणि गाडी एकटेच चालवता. हवा जास्त झाली की टायर मधून फुगतो, तेवढाच रस्त्याला टेकतो, तेवढाच झिजतो."

हनुमंतरावांनी स्वतः कडेवरून अंगठा फिरवून बघितला. बरोबर होतं. दर आठवड्याला हवा भरताना पंपवाला विचारायचा, "मागं किती?" आणि त्यांच्या तोंडून निघायचं, "डबलसीटची." एकट्याची भर म्हणायला जीभ कधी वळलीच नव्हती. ते एवढंच म्हणाले, "ती गेलीय जरा मुलाकडं. आज घेऊन जाणार हाय. तू टायर दाखव."

तय्यबनं तीन टायर काढून मांडले. एक मोठ्या बटणांचा, शेतातल्या चिखलाला चालणारा. एक हलका, हायवेचा, एकट्या माणसाला पुष्कळ. तिसरा भरीव, ओझं घेणारा, बाजूची भिंत जाड. हनुमंतराव चष्मा कपाळावर चढवून एकेका टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला लागले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हायवेच्या टायरवर बघून ते फिसकन हसले.

"तीन वर्षांपासून पडून हाय की रे हा. रबर वाळलं याचं. मला देतो होय?"

"बघितलं का!" तय्यब खूश झाला. "दिवसभरात शंभर गिऱ्हाईक येतं, कुणी तारीख बघत न्हाई. काय करायचाव तुम्ही?"

"लाईनमन. आमच्यात तारीख बघितली न्हाई तर माणूस खाली पडतो." हनुमंतरावांना बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत कुणी त्यांचं कौतुक केलं नव्हतं. त्यांनी तिसऱ्या टायरवर हात ठेवला. "मागं हा बसव. पुढं सरळ रेघांचा, साधा. आणि मागं हवा डबलसीटचीच."

"डबलसीटचीच," तय्यब म्हणाला, आणि कामाला लागला.

टायर चढले, त्यांच्यावरचा बाण चाक फिरायच्या दिशेला आहे का ते हनुमंतरावांनी स्वतः वाकून बघितलं. मग तय्यब धुराकडं वळला. इंजिनाखाली ट्रे सरकवला, खालचा बोल्ट सैल केला, आणि तेल पडायला लागलं. पडायला लागलं ते पडतच राहिलं. काळंभोर तेल ट्रेच्या काठाला आलं तेव्हा तय्यबनं घाईनं दुसरा डबा लावला.

"अरे बाप रे! काका, ह्या इंजिनात एवढं मावतच न्हाई. अर्धा लिटर जास्त हाय. तेलात बुडालंय बिचारं, मग धूर न्हाई सोडणार तर काय करील? कोण बघतं ऑइल?"

"मीच."

"कसं बघता?"

हनुमंतरावांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. मग म्हणाले, "साईड स्टँडवर."

तय्यबनं त्यांच्याकडं असं बघितलं की, टायरची तारीख वाचणारा माणूस हाच का? आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. साईड स्टँडवर गाडी डावीकडं कलते, तेल सगळं तिकडं जातं, आणि तेल बघायची काडी असते उजवीकडं. ती कोरडीच निघणार. गाडी सरळ उभी असल्याशिवाय तेल बघायचं नाही, हे हनुमंतरावांना ठाऊक नव्हतं होय? चांगलं ठाऊक होतं.

त्याचं असं झालं होतं. गाडी त्यांनी घेतली ती एका दूधवाल्याकडून, जुनी. दोन्ही बाजूंना किटल्या अडकवायला लोखंडी आडणं बसवायचं म्हणून त्यानं डबल स्टँड काढूनच टाकला होता. "बसवून घेऊ," असं हनुमंतराव म्हणाले आणि पुढच्या रविवारी तेल बघायला निघाले. गाडी सरळ धरणार कोण? अंबिकाबाई पदर खोचून आली, दोन्ही हातांनी हँडल धरून तिनं गाडी ताठ उभी केली. ते खाली बसले, काडी काढली, पुसली, बुडवली, बघितली. ती वरून म्हणाली, "झालं का? तिकडं चहा उतू जातोय." ते म्हणाले, "थांब की." अकरा वर्षं, दर रविवारी. डबल स्टँड बसवायचा विषय पुन्हा निघालाच नाही.

ती गेल्यावर पहिल्या रविवारी त्यांनी एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं काडी काढायचा प्रयत्न केला. गाडी अंगावर आली, गुडघा फुटला. शेजारच्या मारोतीला हाक मारता आली असती. तोंडात आलेली हाक त्यांनी गिळली. मग साईड स्टँडवरच बघितलं. काडी कोरडी निघाली. त्यांनी तेल ओतलं. पुढच्या महिन्यात परत थोडं ओतलं.

हे सगळं त्यांनी तय्यबला सांगितलं नाही. "ध्यान राहिलं न्हाई," एवढंच म्हणाले.

तय्यबनं मोजून नवं तेल टाकलं, गाडी चालू केली. थोडा धूर आला, मग विरळ झाला, मग राहिला नाही. "इंजिन ठणठणीत हाय काका. काही झालं न्हाई त्याला. डबल स्टँड बसवून देऊ का? पंधरा मिनिटांचं काम हाय. मग कुणी धरायला नक्को, काही नक्को."

"नको," हनुमंतराव झटक्यात म्हणाले. मग हसले. सकाळपासून पहिल्यांदा मनापासून हसले. "धरणारीण येणार हाय आज."

"मग काय, ऐश हाय तुमची," तय्यब म्हणाला.

मुलाच्या घराखाली गाडी लावली तेव्हा एक वाजून गेला होता. दयानंद कामासाठी किनवटला गेलेला, रविवार असून. शीला दवाखान्याच्या कपड्यांत, पर्स खांद्याला लावून निघायच्या बेतात. पाया पडली आणि म्हणाली, "मामा, जेवून घ्या बरं का. मला दोनची ड्युटी हाय, आठ वाजतील यायला. आई हायत म्हणून बघा, मला कसला घोर न्हाई." चांगली पोरगी. मनात काही नव्हतं तिच्या. ती भराभर जिना उतरून गेली आणि हनुमंतराव तसेच चपला हातात घेऊन उभे राहिले.

सुकन्यानं नवं दप्तर दाखवलं, डबा दाखवला, पाण्याची बाटली दाखवली. अंबिकाबाईनं ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, वरण, कांदा. खोलीत त्यांना तिची पिशवी कुठं दिसेना. दाराआड नाही, पलंगाखाली नाही. बांधलेली पिशवी असती तर ती दाराशीच असती. जेवता जेवता ते बघत होते आणि अंबिकाबाई ते बघणं बघत होती.

"शाळा किती वाजता असती हिची?" त्यांनी शेवटी विचारलं.

"नऊला सोडायची, बाराला आणायची."

"मग बारानंतर?"

अंबिकाबाईनं त्यांच्या ताटात आणखी वरण घातलं. "बारानंतर मीच की," ती म्हणाली.

घास हनुमंतरावांच्या तोंडात फिरायला लागला. शाळा म्हणजे दिवसभराची, असं ते धरून चालले होते. साडेतीन वर्षांच्या लेकराची शाळा तीन तासांची असते, हे त्यांना कळायला नको होतं का? कुणाला विचारलंही नव्हतं. टायर घोटले कसे, तेल वाढलं कसं, सगळं त्यांनी विचारलं. हेच तेवढं विचारायचं राहिलं.

ते पाणी प्याले. "निघतो मी. अहमदपूरच्या पुढं रस्ता खणून ठेवलाय, उजेडात गेलेलं बरं."

"टायर दाखवा की," अंबिकाबाई म्हणाली.

सुकन्याला टीव्हीसमोर बसवून ती खाली आली. मागच्या टायरवर तिनं अंगठा दाबून बघितला, बाजारात वांगं दाबतात तसा. "चांगला जाड हाय. आता भीती न्हाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मला काय हौस हाय का हो? मंगळवार आला की मला वाटतं, आपल्याकडं नळ आला आसंल, तुम्ही पाणी भरलं का न्हाई. पण ह्या लेकराला टाकून कशी येऊ? शीलाला नोकरी सोड म्हणू का?"

"मी म्हणलो का काही?"

"म्हणत न्हाईत तेच तर हाय! सव्वाशे किलोमीटर आलाव टायर बदलून, आणि म्हणत न्हाईत." तिनं पदरानं डोळे पुसले. मग जरा चढ्या आवाजात विचारलं, "ऑइल बघितलं का?"

"मिस्त्रीनं बघितलं."

"तुम्ही बघितलं का?"

उत्तराची वाट न बघता तिनं पदर खोचला, दोन्ही हातांनी हँडल धरलं आणि गाडी ताठ उभी केली.

हनुमंतराव खाली बसले. काडी काढली, रुमालानं पुसली, बुडवली, काढली. तेल वरच्या रेघेला अगदी नेमकं टेकलं होतं, मधासारखं. आणखी बघण्यासारखं त्यात काहीही नव्हतं. त्यांनी काडी पुसली आणि परत बुडवली.

"तू गेल्यापासून साईड स्टँडवर बघत होतो," ते काडीकडं बघतच म्हणाले. "अर्धा लिटर जास्त झालं म्हणे."

"आहो! मारोतीला हाक मारायची की."

"मारोतीला काय सांगू?"

वरच्या खिडकीतून सुकन्यानं हाक मारली, "आज्जी!"

"आले गं!" अंबिकाबाई म्हणाली. मग खाली बघून, "झालं का?"

"थांब की," हनुमंतराव म्हणाले, आणि त्यांनी तिसऱ्यांदा काडी पुसली. ती थांबली. हात भरून आले असतील, पण तिनं गाडी तसूभर हलू दिली नाही. वरून परत हाक आली तेव्हा त्यांनीच काडी लावली, झाकण आवळलं आणि उठले. उठताना गुडघा कटकन वाजला.

"दिवाळीला बघू," ती म्हणाली.

"हाव," ते म्हणाले.

लातूर फाट्याजवळ त्यांनी गाडी परत शेडमधे घातली. तय्यब जेवून नुकताच हात धूत होता. त्यानं मोकळ्या मागच्या सीटकडं बघितलं आणि रुमालाला हात पुसत राहिला. असली माणसं फार काही विचारत नाहीत, हे एक बरं असतं.

"डबल स्टँड बसव," हनुमंतराव म्हणाले.

पंधरा मिनिटं म्हणाला होता, वीस लागली. "बघा काका," म्हणत तय्यब बाजूला झाला. हनुमंतरावांनी स्टँडवर पाय दिला, मागचं कडं धरून गाडी उचलली, आणि ती चढली. हात काढले. गाडी सरळ उभी होती, ताठ, कुणी न धरता. हनुमंतरावांना रडूच आलं. त्यांनी उगाच आरसा पुसला, मग चष्मा पुसला.

तय्यब तेवढ्यात हवेचं मीटर घेऊन मागच्या चाकाशी बसला होता. व्हॉल्वचं टोपण काढून त्यानं हळूच विचारलं, "मागची कमी करू का? एकट्याची ठेवू?"

"नको."

"काका, मग हा पण मधूनच झिजंल बघा."

"झिजू दे," हनुमंतराव म्हणाले, आणि त्यांनी गाडी स्टँडवरून उतरवली.